आधी घड्याळ पाहा

पोलादपूर तालुक्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "माझी आई ७२ वर्षांची. शाळेत गेलेली नाही, पण हिशेबाला पक्की होती. अलीकडे तिला विसर पडतो. दूध चुलीवर ठेवून परसात निघून जाते, मला कधी मावशीच्या नावाने हाक मारते. भाऊ म्हणतो, मुंबईला नेऊन मेंदूचा फोटो काढू. फोटोत विसराळूपणा दिसतो का? वडील अर्धांगवायूने गेले. आईलाही तेच होणार का, ही धास्ती आहे."

ताई, तुमच्या पत्राला उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. या विषयावर लिहायचे म्हणजे आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगायला हात पुढे होत नव्हता. पण तुम्ही दोन्ही प्रश्न एकाच पत्रात विचारलेत ते योग्यच आहे. दोन्हींचे मूळ पुष्कळदा एकाच जागी असते, मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्यांत. म्हणून आधी अर्धांगवायूचे सांगते, मग आईंकडे येते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. गौरी-गणपतींचे विसर्जन होऊन एकच दिवस झाला होता. सकाळी पावणेसातला सासूबाई भाकरीसाठी उकड मळत होत्या. हातातली पाण्याची वाटी पडली. मी म्हटले, "आई, राहू द्या, मी मळते." त्या काहीतरी बोलल्या, पण शब्द लागेना. तोंड उजव्या बाजूने जरासे ओघळल्यासारखे दिसले. मी ते पाहिले, आणि पाहूनही मला काही कळले नाही.

शेजारच्या काकू धावत आल्या. "अगं, पित्त झालंय त्यांना. चार दिवस जागरण, गोडधोड. लिंबूपाणी दे नि पडू दे." दुसऱ्या एकजणी म्हणाल्या, "अंगावरून वारं गेलंय, तेल चोळा." आम्ही दोन्ही केले. लिंबूपाणी सासूबाईंना गिळवेना, ठसका लागून जीव घाबरा झाला. नऊ वाजता आमच्या ह्यांनी जवळच्या एका डॉक्टरांना आणले. त्यांनी रक्तदाब पाहिला, एक इंजेक्शन दिले आणि "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणाले. साडेदहाला उजवा हात मुळीच उचलेना, तेव्हा गाडीची शोधाशोध सुरू झाली. विसर्जनानंतरचा दिवस, चाकरमानी मुंबईला परत निघालेले. महामार्गावर गाडीला गाडी लागलेली. पनवेलच्या पुढच्या एका मोठ्या रुग्णालयात सासूबाई सीटी स्कॅनच्या यंत्रात गेल्या तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सव्वाआठ तास.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटच्या धड कधी होत्या?" मला वाटले, वय विचारतील, साखर आहे का विचारतील. त्यांना हवी होती वेळ. मी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "साडेचार तासांच्या आत आला असता तर एक इंजेक्शन देता आलं असतं."

हे इंजेक्शन काय आहे ते सांगते, कारण आपल्या भागात पुष्कळांना ते असते हेच ठाऊक नाही. अर्धांगवायूचे दोन प्रकार. एकात रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडतो. दुसऱ्यात वाहिनी फुटून मेंदूत रक्त सांडते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे बोबडे. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध शिरेतून देतात. १९९५ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ते पहिल्या तीन तासांत गुणकारी ठरले, आणि २००८ साली युरोपातल्या चाचणीने ती मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. पण हेच औषध रक्त सांडलेल्या रोग्याला दिले तर जिवावर बेतते. तेव्हा आत काय झाले आहे ते पाहिल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर ते टोचणार नाही. आत पाहायचे साधन म्हणजे सीटी स्कॅन.

या यंत्राची गोष्ट मला फार आवडते. ग्रामोफोनच्या तबकड्या काढणारी ईएमआय कंपनी आपण ऐकलेली आहे. तिथले इंजिनियर गॉडफ्री हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र बनवले आणि लंडनच्या विम्बल्डन भागातल्या रुग्णालयात १ ऑक्टोबर १९७१ रोजी त्यात पहिला रोगी तपासला. रोगी एक बाईच होती, मेंदूत गाठ असल्याचा संशय होता. त्याआधी कवटी न उघडता आतले धडपणे दिसत नसे. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अॅलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या यंत्रात डोक्याचा एकेक काप टिपायला काही मिनिटे लागत. आज सगळे डोके मिनिटाच्या आत होते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. सासूबाईंचा पहिला फोटो पाहून तिथले एकजण म्हणाले, "रक्तस्राव नाही, बाकी फारसं काही दिसत नाही." आमचे हे आनंदाने बाहेर आले, "अगं, नॉर्मल आहे!" नॉर्मल नव्हते. सांडलेले ताजे रक्त सीटीत लगेच पांढरे दिसते. गुठळीमुळे उपाशी पडलेला भाग मात्र पहिल्या काही तासांत दिसेलच असे नाही. तो हळूहळू काळवंडत जातो. म्हणजे तोंड वाकडे, हात लुळा आणि सीटी स्वच्छ असेल, तर "काही नाही" असे समजून घरी परतायचे नाही. उलट तीच गुठळीची, इंजेक्शनची आणि घाईची वेळ असते. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत मेंदूच्या डाव्या बाजूला काळसर डाग स्पष्ट दिसला. डावा मेंदू उजवे अंग चालवतो, आणि बहुतेकांचे बोलणेही तिथेच असते.

सासूबाई वाचल्या. काठी घेऊन चालतात, डाव्या हाताने लसूण सोलतात. बोलणे मात्र चार-पाच शब्दांवर आले आहे. पाणी हवे असले तरी "चहा", पंखा हवा असला तरी "चहा". आम्हाला सूर कळतो, म्हणून चालते.

अमेरिकेतले डॉक्टर जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली हिशेब मांडला होता की मोठी वाहिनी बंद पडली तर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. लिंबूपाणी पिळायला मला किती मिनिटे लागली असतील, हा हिशेब मी नंतर पुष्कळदा केला.

हे अमेरिका-लंडनचे झाले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. मुंबईचे मेंदुविकारतज्ज्ञ डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ आणि २००६ ही दोन वर्षे मुंबईच्या एका ठराविक भागातली सुमारे १ लाख ५७ हजार वस्ती नजरेखाली ठेवली. रुग्णालयात आलेलेच मोजले तर घरच्या घरी दगावलेले सुटतात, म्हणून त्यांचीही चौकशी केली. पहिल्यांदाच अर्धांगवायू झालेले ४५६ लोक आढळले. त्यांत शंभरातल्या ऐंशींना गुठळीचा प्रकार होता, आणि शंभरातले जवळजवळ तीस अठ्ठावीस दिवसांत वारले. दर दहांतल्या जवळपास नऊ जणांचा सीटी स्कॅन झाला होता, म्हणून हे आकडे भरवशाचे. आणि ही मुंबई, जिथे यंत्र हाकेच्या अंतरावर. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांवर म्हातारी माणसे एकेकटी आहेत, मुलगे-सुना मुंबईला. तिथे पहाटे कोण कोलमडले हे दुपारी कळते. रस्त्यापर्यंत आणायला माणसे जमवावी लागतात. पावसाळ्यात वरंध घाट कधी चालू, कधी बंद.

तरीही निराश व्हायचे कारण नाही, आणि याला आपल्या महाडचाच दाखला आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. ते बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात होते त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने शंभरातले तीस-चाळीस रोगी दगावत. हे विष मज्जातंतूंना असे चेतवते की हृदय थकते आणि फुप्फुसात पाणी भरते. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी बसून कोणत्या तासाला काय होते ते टिपले. १९८२ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा लेख आला. पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाचीच गोळी वापरून मृत्यूचे प्रमाण शंभरात एक-दोनवर आणले. त्याविषयी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच छापून आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण नुसत्या गोळीने हे झाले नाही. विंचू चावला की मांत्रिकाकडे न जाता तडक दवाखाना गाठायचा, हे वाडीवाडीत लोकांच्या अंगवळणी पडले म्हणून झाले. विंचवाच्या बाबतीत जे आम्हाला कळते, ते वाटी हातातून पडल्यावर का कळू नये?

तर कळायचे कसे? माणसाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढले जाते का पाहा. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगा. एक खाली घसरतो का पाहा. "आज वीरेश्वराच्या देवळात जायचंय" असे एखादे साधे वाक्य म्हणायला सांगा. तिन्हींतले एकही अचानक बिघडले असेल तर घड्याळ पाहा आणि निघा. एकाएकी एका डोळ्याने दिसेनासे होणे, तोल जाणे, कधी नव्हे इतके डोके दुखणे, हीही लक्षणे आहेत. महत्त्वाचा शब्द 'अचानक'. आणि दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी जायचेच. ती पूर्वसूचना असते. खरा झटका पुढच्या दोन-चार दिवसांतही येऊ शकतो.

वेळ लिहून ठेवा. माणूस झोपेतून उठतानाच लुळे उठले असेल, तर रात्री शेवटचे धड पाहिले ती वेळ धरतात. तोंडात पाणी, चहा, औषध काहीही घालू नका. गिळण्याची ताकद गेलेली असते, घोट फुप्फुसात जातो. ॲस्पिरिनची गोळी घरी मुळीच देऊ नका, आत रक्त सांडलेले असेल तर अनर्थ होईल. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळी ठेवायची जुनी सवय अजून काहींना आहे, तीही नको. या वेळी दाब एकदम उतरवला तर मेंदूला मिळते तेवढेही रक्त मिळत नाही. उलटी होत असेल तर कुशीवर निजवा. मधुमेह असेल आणि साखर मोजायचे यंत्र घरात असेल तर तेवढे पाहा, कारण साखर फार उतरली तरी अगदी असेच दिसते; पण त्यापायी निघायला उशीर नको. तेल चोळणे, कांदा हुंगवणे, आणि कोणी कबुतराचे रक्त सुचवील तेही, सगळे बाजूला.

१०८ ला फोन करा. दुसऱ्याने त्याच वेळी रुग्णालयांना फोन लावावेत आणि स्पष्ट विचारावे: तुमचे सीटी यंत्र आत्ता चालू आहे का? गुठळी विरघळवायचे इंजेक्शन देता का? "या, बघू" असे उत्तर आले तर पुढचा नंबर लावावा. जवळचे पण यंत्र नसलेले रुग्णालय गाठून तिथून पुन्हा निघण्यात किती वेळ जातो, ते आम्ही भोगले नाही, पण भोगलेली घरे मला ठाऊक आहेत. चालू गोळ्यांची पाकिटे, रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत आधीच ठेवा. आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, त्यावर हे नंबर आहेत. मुलांनी तो पाठ केला आहे. आणि उशीर झालाच तरी "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नका. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून गुठळी ओढून काढायचा उपचार मोठ्या शहरांत होतो, आणि काही निवडक रोग्यांना तो चोवीस तासांपर्यंतही लागू पडतो, असे २०१८ साली दिसून आले.

आता ताई, तुमच्या आईंकडे. विसराळूपणा फोटोत दिसतो का? सरळ उत्तर असे की फोटो काढायचा तो विसराळूपणा पाहायला नव्हे, त्यामागे बरे होण्याजोगे काही आहे का ते पाहायला. आई गेल्या एक-दोन महिन्यांत न्हाणीत घसरल्या होत्या का, डोके आपटले होते का, आठवून पाहा. म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला साधा मार लागला तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साठत जाते, आणि काही आठवड्यांनी माणूस भ्रमिष्टासारखे वागू लागते. आपण म्हणतो, वय झाले. सीटीत ते दिसते, आणि छोट्या शस्त्रक्रियेने रक्त काढून टाकले की कित्येकजण पुन्हा ओळखू-बोलू लागतात. लहान लहान अर्धांगवायू होऊन गेले असतील, जे बाहेर कळलेही नाहीत, तर त्यांचेही डाग दिसतात. पण फोटोच्या आधी साध्या रक्ततपासण्या करून घ्या. थायरॉइडचा बिघाड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही विसर पडतो, आणि दोन्हींवर औषध आहे. मन खचले असेल तरी तसेच दिसते. वडील जाऊन किती दिवस झाले, ते तुम्ही लिहिले नाही.

आई शाळेत गेलेल्या नाहीत हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केले, डॉक्टरांनाही आवर्जून सांगा. स्मरणशक्तीच्या नेहमीच्या परीक्षेत तारीख विचारतात, वाक्य लिहायला लावतात, शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. पाटी हाती न धरलेल्या बाईला ही परीक्षा लावली तर ती धडधाकट असूनही नापास व्हायची. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत पाहणी करताना संशोधकांना हीच अडचण आली. म्हणून १९९० च्या दशकात त्यांनी परीक्षा बदलून हिंदीत नवी केली. तारखेऐवजी सकाळ आहे की संध्याकाळ असे विचारायचे, लिहिण्या-वाचण्यावाचून भागवायचे. मी अर्धवेळ का होईना मास्तरीण आहे, प्रश्नपत्रिका चुकली तर मूल ढ ठरते हे रोज पाहते. तुम्हीही घरच्या घरी पाहा: आई नाणी मोजून सुटे पैसे बरोबर देतात का? बाजारातून घरी येताना वाट चुकतात का? रोजची भाजी करताना पायऱ्या गाळतात का? जे दिसेल ते तारीख घालून वहीत लिहा. तपासणीच्या पाच मिनिटांपेक्षा डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग जास्त होईल.

साऱ्या देशातल्या वयस्कांच्या एका मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठीच्या पुढच्या शंभरांत सातांहून थोड्या अधिक जणांना स्मृतिभ्रंश, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली सांगितले की टाळता येण्याजोगी १४ कारणे सांभाळली तर जगातला ४५ टक्क्यांपर्यंत स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आहेत, आणि लहानपणी शाळा न मिळणेही आहे. आणखी एक कारण आपल्याला सुचणार नाही ते म्हणजे कमी ऐकू येणे. ऐकू येईना की माणूस गप्पांतून उठून जाते, एकटे पडते. आईंचे कान तपासून घ्या, मळ साठला आहे का तेही.

"आईलाही तेच होणार का?" याचे उत्तर बरेचसे तुमच्या हातात आहे. वडिलांचा अर्धांगवायू आईकडे रक्ताने येत नाही. पण एकाच घरातले मीठ दोघांनी खाल्लेले असते. रक्तदाब १४० वर ९० च्या पुढे राहत असेल तर डॉक्टर देतील ती गोळी रोज, बरे वाटले तरी. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत कित्येकांच्या गोळ्या चिखलात गेल्या आणि दुकानेही बुडाली. तेव्हापासून पावसाळ्याआधी पंधरा दिवसांच्या गोळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात, माळ्यावर ठेवते.

मिठाचा हिशेब सोपा आहे. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, याहून कमी मीठ सांगते. म्हणजे चौघांच्या घरात एक किलोची पिशवी निदान ५० दिवस पुरली पाहिजे. पिशवी आणलेल्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. माझी पहिल्यांदा २७ दिवसांत संपली, आणि त्यात लोणचे, पापड, सुके बोंबील धरलेच नव्हते. चीनमधल्या ६०० खेड्यांत २१ हजारांच्या आसपास लोकांवर पाच वर्षे प्रयोग झाला. निम्म्या गावांना सोडियम कमी आणि पोटॅशियम घातलेले मीठ दिले. २०२१ साली निकाल आला, त्या गावांत अर्धांगवायू १४ टक्क्यांनी कमी. आपल्याकडेही कमी सोडियमचे मीठ दुकानात मिळते, पण मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरते, डॉक्टरांना विचारूनच आणा.

ताई, वही सुरू केलीत की महिन्याने पुन्हा लिहा. पडल्या होत्या का, तेवढे मात्र आजच विचारा. वाळवणांचे दिवस जवळ आले आहेत. पुढच्या अंकी पापडखार आणि मीठ कमी घालून पोह्याचे पापड कसे टिकवायचे ते पाहू. सासूबाईंचा जुना अंदाज माझ्याकडे मुठीच्या मापात आहे, तो चमच्यात बसवते आहे.